मोबाईलवर अभ्यास खरंच व्हायला हवा असेल तर काय करायचं (पालकांसाठी, जरा सविस्तर)

शाळेचा होमवर्क व्हॉट्सॲपवर येतो, क्लासवाले लिंक पाठवतात, प्रोजेक्टसाठी माहिती नेटवरूनच काढायची असते, म्हणजे मुलांच्या हातात फोन द्यायचा की नाही हा विषय आता संपलाय, द्यावाच लागतो. आता बघायचं ते एवढंच की दिल्यावर अभ्यास होतो का. मी पुण्यात धनकवडीत सातवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, सोसायटीतली मुलं येतात, मागच्या वस्तीतलीही येतात, आणि प्रत्येक आई कधी ना कधी हे म्हणतेच की "ताई, तासभर मोबाईलवर अभ्यास करत होता हो, पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही." पोरगा खोटं बोलत नसतो बरं का. व्हिडिओ त्याने खरंच बघितलेला असतो आणि बघताना सगळं कळत पण असतं, त्यामुळे आपल्याला आलं असं त्याला मनापासून वाटतं. पण समोरच्याने समजावलेलं कळणं वेगळं आणि आपल्याला येणं वेगळं, आणि मोबाईलवर हा फरक पटकन लक्षात येत नाही कारण तिथे कोणी मध्येच थांबवून "सांग बघू" म्हणत नाही.

यावर एक जुना प्रयोग आहे, मी तो सगळ्या पालकांना सांगते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वाचायला उतारे दिले. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने सुरुवातीला वाचला आणि मग न बघता आठवेल ते तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत परत वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आता व्हिडिओ परत परत बघणं हे त्या पहिल्या गटासारखंच झालं ना, लगेच विचारलं तर येतं, आठवड्याने युनिट टेस्टला बसलं की कोरं.

म्हणून माझ्याकडे एकच पद्धत आहे आणि ती सगळ्या विषयांना चालते. आधी अंदाज, मग स्क्रीन, मग फोन लांब ठेवून वही. म्हणजे व्हिडिओ लावायच्या आधी मुलाने धड्याचं नाव आणि दोन-तीन ओळी लिहायच्या, यात काय असेल, मला आधीच काय माहितीये, काय कळत नाहीये. चुकीचं लिहिलं तरी चालेल, उलट चुकलेला अंदाज जास्त लक्षात राहतो. मग व्हिडिओ, पण सलग नाही. आमच्या लहानपणी सकाळी टीव्हीवर बालचित्रवाणी लागायची, ती पुण्यातूनच व्हायची, १९८४ पासून, त्यात एखादी गोष्ट निसटली की निसटली, मागे नेता यायचं नाही. आता मागे नेता येतं, थांबवता येतं, हळू करता येतं, डिजिटल शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच आहे आणि नव्वद टक्के मुलं तो वापरतच नाहीत, उलट दीडपट स्पीडने पळवतात. चार-पाच मिनिटांनी थांबवायचं, आत्ता काय सांगितलं ते एका वाक्यात बोलायचं, नाही आलं तर तेवढाच तुकडा परत. आणि शेवटी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आठवेल तसं वहीत लिहायचं, आकृती काढायची, मग पुस्तक उघडून काय राहिलं ते वेगळ्या पेनाने भरायचं. वीस मिनिटांचा व्हिडिओ असा बघितला तर पाऊण तास जातो. जाऊदे. एकच बघा दिवसाला, पण असा बघा.

एक उदाहरण नीट सांगते म्हणजे कळेल. दहावीला प्रकाशाचे अपवर्तन हा धडा आहे, म्हणजे हवेतून पाण्यात जाताना प्रकाश वाकतो तो. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात आणि किरण कुठे वाकेल विचारलं की गप्प. यासाठी फेट (PhET) नावाची वेबसाईट आहे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाची, नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केली, पूर्ण फुकट, लॉगिन पण लागत नाही, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत पण आहेत. त्यात बेंडिंग लाइट म्हणून एक आहे. स्क्रीनवर वर हवा, खाली पाणी, आणि एक लेझर, तो बोटाने फिरवता येतो, कोनमापक ओढून आणता येतो. माझ्याकडच्या एका मुलीला मी आधी विचारलं, हवेतून पाण्यात ६० अंशाने (पाण्याच्या पृष्ठभागावरच्या उभ्या रेषेपासून मोजून) किरण सोडला तर पाण्यात किती अंशाने जाईल, वहीत लिही. तिने लिहिलं ५०. मग लेझर सुरू केला, कोनमापक लावला, आलं ४१ च्या आसपास. ती थोडा वेळ बघतच राहिली, मग म्हणाली एवढं वाकतं? मग तिला म्हटलं आता पुस्तकातलं सूत्र लाव, साइन ६० म्हणजे ०.८६६, साइन ४१ म्हणजे ०.६५६, भागाकार कर. आला १.३२. पुस्तकात पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकेल ते सांगणारा आकडा, १.३३ दिलाय. तो आकडा तिने आधी पाठ केलेलाच होता पण तो असा निघतो हे तिला पहिल्यांदा कळलं.

मग तिने आपणहून खालचं पाणी काढून काच टाकली, किरण ३५ वर गेला, म्हणजे अजून वाकला. मग मी वर पाणी आणि खाली हवा करायला सांगितलं आणि लेझर हळूहळू तिरपा करायला लावला, ४९ अंशाच्या जवळ आली आणि खालचा किरण गायबच झाला, सगळा प्रकाश परत पाण्यात. पूर्ण आंतरिक परावर्तन, जे पुस्तकात चार ओळीत आहे, ते तिच्या बोटाखाली झालं. त्यात दोन अनोळखी पदार्थ पण दिलेत, त्यांचा अपवर्तनांक सांगितलेला नाही, आपण मोजून काढायचा. तेच मी होमवर्क दिलं. स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या ग्लासात पेन्सिल घालून बघ हे पण सांगितलं, कारण स्क्रीनवरचं सिम्युलेशन शेवटी कोणीतरी प्रोग्राम केलेलं असतं, खरा ग्लास खरा असतो, दोन्ही जुळले की मुलाचा विश्वास बसतो. यासाठीच मी मुलांना आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेबद्दल सांगते, अरविंद गुप्तांनी तिथे वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवलं, २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या वेबसाईटवर ती खेळणी कशी करायची आणि ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. मुलाला व्हिडिओ दाखवायचाच असेल तर असा दाखवा की जो संपल्यावर हातात स्ट्रॉ, काडेपेटी आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्यावासा वाटेल.

आता साहित्य कुठून घ्यायचं. यूट्यूबवर शोधण्याआधी मुलाचं पाठ्यपुस्तकच उघडा. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानावर क्यूआर कोड असतो, त्याने डिजिटल पुस्तक मिळतं, आणि धड्यांमध्ये वेगळे कोड असतात त्याने त्या-त्या धड्याचे व्हिडिओ वगैरे मिळतात. ते दीक्षा ॲपमधून स्कॅन करायचे, हे ॲप केंद्र सरकारचं आहे, २०१७ पासून आहे, फुकट आहे. पुस्तकात क्यूआर कोड टाकायची कल्पना आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी करून दाखवली होती, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी इतर फायनलिस्ट शिक्षकांना वाटून टाकली, हे मुलांना जरूर सांगा. दीक्षावरचे सगळे व्हिडिओ भारी आहेत असं नाही, काही अगदीच रटाळ आहेत, पण ते आपल्या धड्याला धरून असतात आणि मध्ये जाहिरात येत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तक हरवलं असेल तर ई-बालभारतीच्या साईटवर पीडीएफ आहे. वाचनाची गोडी लागलेली नसेल तर बालभारतीच्याच किशोर मासिकाचे जुने अंक ऑनलाईन आहेत, १९७१ पासूनचे, आणि लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, त्यात चित्रांच्या गोष्टी मराठीत आहेत. प्रोजेक्टची माहिती लागली तर आधी मराठी विश्वकोश बघा, तो पूर्ण ऑनलाईन आहे, पहिल्या दिसलेल्या साईटवरून कॉपी करण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

कॉलेजातल्या मुलांसाठी स्वयम आणि एनपीटीईएल हे सरकारी ऑनलाईन कोर्स आहेत, आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स फुकट, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. फक्त डिग्रीला क्रेडिट धरतील या भरवशावर नाव घालायचं असेल तर आधी आपल्या डिपार्टमेंटला विचारा, कुठला कोर्स चालतो ते कॉलेज ठरवतं.

घरात एकच फोन असेल तर. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी असंच आहे, फोन बाबांचा, बाबा रिक्षा चालवतात किंवा डिलिव्हरी करतात, फोन रात्री नऊला घरी येतो, तोवर मुलगा पेंगुळलेला. याला उपाय म्हणजे रविवारी बसून आठवड्याचं डाऊनलोड करून ठेवायचं. दीक्षात बरेच व्हिडिओ डाऊनलोड करता येतात आणि नंतर नेट नसताना चालतात. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ पण उतरवून ठेवा. रोजचा नेट पॅक संपत असेल तर व्हिडिओची क्वालिटी ३६० वर ठेवा, फळ्यावरचं दिसायला तेवढं पुरतं. घरात जुना, स्क्रीन तडकलेला फोन पडला असेल तर सिम न घालता तो अभ्यासाचा फोन करा, शेजाऱ्यांच्या किंवा हॉटस्पॉटच्या नेटवर एकदा भरून घ्यायचा आणि आठवडाभर तसाच वापरायचा, व्हॉट्सॲप नाही, गेम नाही, खरं सांगायचं तर नव्या महागड्या टॅबपेक्षा हा जास्त कामाचा. होमवर्कचा फोटो रात्री उशिरा ग्रुपवर येत असेल तर वर्गशिक्षकांशी बोला, चार पालक मिळून बोला, शाळा सुटायच्या आधी फळ्यावर लिहून दिलं तर कितीतरी मुलांची रात्र वाचते.

फोनमधल्या सेटिंगबद्दल. "फक्त अभ्यास कर, दुसरं काही बघू नको" हे सांगून उपयोग नाही, ते ॲप्स मोठ्या माणसांना सुटत नाहीत तर चौदा वर्षांच्या पोराला कशी सुटतील. असर म्हणून ग्रामीण भागातल्या शिक्षणाची पाहणी होते, तिचा २०२४ चा अहवाल आहे, ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं होतं, त्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के, आणि शहरात, पुण्यात, वेगळं चित्र असेल असं मला तरी आजूबाजूला बघून वाटत नाही. म्हणून मोह मुलासमोरून काढून टाकायचा. बऱ्याच ॲन्ड्रॉईड फोनमध्ये सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती चालू करा, बाहेर पडताना पिन मागेल हे पण चालू करा. मग दीक्षा उघडायचं, पिन करायचं आणि फोन द्यायचा, तेवढं एकच ॲप चालतं, दुसरीकडे जाता येत नाही. आयफोनला हेच गाइडेड ॲक्सेस नावाने आहे. यूट्यूब लागणारच असेल तर ऑटोप्ले बंद करा आणि अभ्यासासाठी वेगळं अकाऊंट काढा, कारण तुमच्या अकाऊंटवर तुमच्या रील्स आणि सिरियलच्या शिफारशी येतात आणि गणिताच्या व्हिडिओच्या बाजूला त्याच दिसतात. लहान मुलाचं अकाऊंट असेल तर गुगलचं फॅमिली लिंक लावा, किती वेळ आणि कुठली ॲप्स ते तुमच्या फोनवरून ठरवता येतं.

आणि सगळ्यात सोपं, हॉलमध्ये स्मार्ट टीव्ही असेल तर व्हिडिओ टीव्हीवर लावा. स्क्रीन मोठी, डोळ्यांपासून लांब, हात रिकामे त्यामुळे वही मांडीवर घेता येते, आणि आजी-आजोबा शेजारी बसले की तेही विचारतात "म्हणजे काय रे?" आणि नातवाला समजावून सांगावं लागतं. आजीला समजलं तर पेपरात पाच मार्काचं उत्तर येणारच समजा. लहान स्क्रीनवरच बघायचं असेल तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद गॅलरीतून लांबचं झाड बघायला लावा.

आता एआय, म्हणजे चॅटजीपीटीसारखी विचारलेल्याला उत्तर देणारी ॲप्स. मुलं वापरतायत, तुम्हाला माहीत असो नसो. गणिताचा फोटो काढायचा, टाकायचा, उत्तर वहीत उतरवायचं, दोन मिनिटात होमवर्क संपला. हे मला फार लागतं, कारण त्या गणितात अडकून बसण्याची जी वीस मिनिटं असतात ना त्यातच गणित येतं, ती वीस मिनिटंच गेली. पण बंदी घालून चालणार नाही आणि खरं म्हणजे घालूही नये, कारण ज्या घरात आई-वडिलांना दहावीचं गणित येत नाही आणि क्लास परवडत नाही तिथे रात्री दहा वाजता न कंटाळता समजावणारं कोणी असेल तर ते हेच आहे. फक्त विचारायचं कसं ते शिकवा. मी मुलांना हे वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून देते, "मी नववीत आहे. हे गणित आणि हे मी सोडवलेलं. उत्तर सांगू नको. माझी चूक कुठल्या पायरीत आहे तेवढंच सांग आणि मला एक प्रश्न विचार." एका मुलाने समीकरण सोडवताना कंसाबाहेरचा २ फक्त पहिल्या पदाला गुणला होता, तर त्याला उत्तर आलं की दुसऱ्या पायरीत बघ, कंसातल्या कोणाकोणाला गुणायचं होतं? त्याने कपाळावर हात मारला आणि स्वतःच दुरुस्त केलं. पण अट एकच, आधी स्वतः सोडवलेलं असलं पाहिजे, चुकीचं का असेना, कोरी वही घेऊन विचारायचं नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे ते चुकतं, आणि ठामपणे चुकतं, इतिहासातली सालं आणि आकडेमोड पुस्तकाशी ताडून घ्यायचीच. मराठीत विचारलं की कधीकधी हिंदी पुस्तकातले शब्द घुसतात, अपूर्णांकाला भिन्न, छेदाला हर, बोर्डाच्या पेपरात बालभारतीचेच शब्द लिहायचे हे मुलांना सांगून ठेवा. दुसरं, मुलाचं पूर्ण नाव, शाळा, फोटो, आधार यातलं काहीही असल्या ॲपमध्ये टाकायचं नाही. चॅटजीपीटीसारख्या ॲपला १३ वर्षांची अट आहे आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा पण १८ खालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते असंच म्हणतो, पण कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फॉर्म भरताना तुम्ही शेजारी बसा.

आणि पैशाचं. फोन येतो, "तुमच्या मुलाची फ्री टेस्ट घेतो", मग घरी माणूस येतो, मुलासमोरच बोलतो की हा हुशार आहे पण बेसिक कच्चं आहे, आणि आई-बापाला नाही म्हणता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी असाच एका कंपनीचा कोर्स घेतला, त्यांना वाटलं महिन्याची फी आहे, प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं, मुलाने दोन महिन्यात ॲप उघडणं बंद केलं आणि हप्ते चालूच. म्हणून थेट विचारा, ही फी आहे की माझ्या नावावर कर्ज? लेखी मागा. मध्ये सोडलं तर पैसे परत मिळतात का, किती दिवसात, हे पण लेखी. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानेच पालकांना सूचना काढली होती की अशा कंपन्यांना खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. आधीच दिली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथे चालू असलेली सगळी यादी दिसते, नको ते तिथूनच बंद करा, पण कर्जावर सही झाली असेल तर नुसतं ऑटोपे बंद करून सुटका नाही, हप्ता थकला म्हणून सिबिल खराब होईल, आधी लेखी कॅन्सल करून घ्या. विकत घ्यायचंच असेल तर मुलाने त्या ॲपचे फुकट असलेले धडे वर सांगितलं तसं वही घेऊन महिनाभर करून दाखवू दे, मग ठरवा. आणि त्याच पैशात अप्पा बळवंत चौकातून जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच, एक चांगला कंपास आणि अभ्यासिकेची फी आरामात होते हे पण हिशोबात धरा.

हे चालतंय की नाही ते बघायला ॲपमधले टक्के, स्टार, बॅज काही बघू नका. रविवारी मुलाची ती वही घ्या, मागच्या आठवड्यातले कुठलेही दोन धडे काढा आणि न बघता सांगायला लावा, तुम्हाला विषय येत नसला तरी चालतं, वहीत लिहिलंय ते आणि तो बोलतोय ते जुळतंय का एवढं तर कळतं. अडला तर तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा लावू नका. पुस्तकातला तो परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा, सोडवलेलं उदाहरण झाकून परत करायला सांगा, आणि तरी नाही जमलं तर नेमकं कुठे अडलं ते एका ओळीत लिहून सोमवारी वही शाळेत बाईंना दाखवायला द्या.